फ्रिजमधला गोलकीपर

"फ्रिज बंद असला की दार लावून ठेवू नका," हे वाक्य त्या फ्रिज-मेकॅनिकने इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं की बायको म्हणायची, "तुमच्या घशात टेपच बसवलीय कुणीतरी." दाराच्या रबरामुळे हवा आत कोंडते, ओल बाहेर पडत नाही, बुरशी धरते. सगळं पाठ. आणि धाकट्या भावाची फुटबॉलची कार्डं या शहाण्याने ठेवली कुठे? वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या बंद फ्रिजमध्ये, दार घट्ट लावून, वर कुलूप घालून.

उजेड नको, झुरळं नकोत, धूळ नको. याहून भक्कम कपाट कुठलं, असा त्याचा हिशेब. ती कार्डं दोघांनी लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटांतून गोळा केलेली. त्यातला पिवळ्या जर्सीतला गोलकीपर म्हणजे दोघांचा जीव की प्राण. धाकट्याने तो एकदा खिशात कोंबून त्याचा कोपरा दुमडला, तेव्हा थोरल्याने त्याला चांगलं बदडलं होतं. पुढे धाकट्याची नजर अधू व्हायला लागली, तसा तो स्वतःच कार्डं घेऊन आला. "माझ्या हातून काहीतरी सांडेल यांच्यावर. तू जपशील," म्हणाला. त्या शब्दाने थोरला असा हरखला की त्याने फ्रिज आतून ओल्या फडक्याने लख्ख पुसला आणि पुरता सुकायच्या आत कार्डं ठेवून दार लावलं.

मग डॉक्टरांनी हात टेकले. धाकट्याचा फोन आला, "दादा, अजून रंग कळतात. कळतायत तोवर आपला गोलकीपर एकदा बघून घेतो. रविवारी येतो."

थोरल्याने फोन ठेवून कुलूप काढलं आणि कोंदट वास नाकात शिरला. कार्डं फुगून एकमेकांना चिकटली होती, कडांवर राखाडी बुरशी. गोलकीपर गठ्ठ्याच्या मधोमध. हलक्या हाताने सोडवायला गेला, तर पिवळी जर्सी वरच्या कार्डाला चिकटून गेली आणि हातात नुसता पांढरा कागद राहिला.

वरच्या कप्प्यातली मूठभर कार्डं तेवढी वाचली होती. त्यात पिवळ्या जर्सीतला एक खेळाडू होता, कुठलासा बचावपटू.

"हाच द्या," बायको म्हणाली. "भाऊजींना रंगच तर बघायचाय. आधीच का कमी ताप आहे त्यांच्या जिवाला?"

तो तिच्यावर खेकसला. खरं तर तिच्या आधीच ते त्याच्या मनात येऊन गेलं होतं, म्हणून जास्तच खेकसला.

रविवारी धाकटा आला. खिडकीशी बसून त्याने थोरल्याने हातात दिलेलं बचावपटूचं कार्ड नाकाला लागेल इतकं जवळ धरलं. "हा बघ पिवळा," म्हणून हसला. थोरल्याचा जीव भांड्यात पडला. त्याच्या बायकोने सरबत आणलं. धाकट्याने ते तसंच ठेवलं. त्याचा अंगठा कार्डाच्या कडेने फिरत होता. त्याने कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"दादा, दुमडलेला कोपरा कुठाय?"

तो कोपरा थोरल्याच्या ध्यानातच आला नव्हता. तो आत गेला आणि तो फुगलेला गठ्ठा व पांढरा कागद आणून भावाच्या मांडीवर ठेवला. वासानेच सगळं सांगितलं.

"दार लावून ठेवलं होतंस?"

"हो."

"तू?"

"मीच."

धाकटा बराच वेळ कागद चाचपत राहिला. दुमडलेला कोपरा सापडला, तसा त्याने तो बोटाने सरळ केला. मग बचावपटूचं कार्ड थोरल्याच्या दिशेने पुढे केलं.

"कार्डं गेली ती गेली," तो म्हणाला. "मला त्याचं एवढं वाटत नाही. पण दादा, इथून पुढे तू हातात देशील ते सगळं मी असं चाचपूनच घ्यायचं का?"

थोरल्याने 'नाही, नाही' अशी जोरजोराने मान हलवली. मग त्याच्या लक्षात आलं, की ते याला दिसणार नाही.