बुचं मारलेला आठवा बॅगपाइप

मित्रांनो, मी एक जुना बॅगपाइप आहे. घाबरू नका, आत्ता मी वाजत नाहीये.

माझी पिशवी मेंढीच्या कातड्याची आहे; वादक ती तोंडाने फुंकून भरतो आणि काखेत दाबतो. खांद्यावर टेकणाऱ्या तीन काळ्या नळ्या एकच सूर धरून बसतात. चौथ्या नळीला भोकं आहेत, तिच्यावर बोटं नाचतात. ग्लासगोच्या एका कारागिराने अकरा महिने खपून मला घडवलं. मला पहिल्यांदा वाजवलं तेव्हा शेजारचं मांजर घर सोडून गेलं. कारागीर समाधानाने म्हणाला, "जमलाय."

पोर्ट लॅरिग गावच्या बँडमध्ये मी चाळीस वर्षं काढली. लग्नं, मयती, बटाट्यांचं प्रदर्शन, सगळीकडे वाजलो. मग माझा वादक वारला आणि मला चर्चच्या हॉलमधल्या कपाटात किटलीशेजारी ठेवलं. सहा वर्षं. किटलीला रोज बाहेर काढत.

शेवटी मी इशबेल गेडिसच्या हाती आलो. इशबेल शाळेची बस चालवायची. वय अठ्ठेचाळीस. तीन वर्षं सरावाची पिपाणी फुंकून तिने बँडच्या सगळ्या चाली पाठ केल्या होत्या. पण मला फुंकताना तिचा दम तुटायचा, आणि चाल संपली तरी मी 'ऊंऽऽ' करत राहायचो. बँडमध्ये याहून मोठा गुन्हा नाही. सगळ्यांनी एका क्षणी थांबायचं असतं.

त्या उन्हाळ्यात स्पर्धेला आठ बॅगपाइपवादक हवे होते आणि होते सात. बँडचे प्रमुख आर्ची लोगन. त्यांनी जन्मभर मासे विकले, पण सगळे त्यांना मेजर म्हणत.

"इशबेल, तू आठवी," मेजर म्हणाले. "फक्त वाजवायचं नाही."

"म्हणजे?"

"चारही नळ्यांना बुचं मारू. तू गाल फुगव, बोटं हलव आणि पाऊल चुकवू नकोस."

"मग मेजर, माझ्याऐवजी कपडे वाळत घालायचा स्टँड न्या की!"

"स्टँडला चालता येत नाही गं," मोठा ढोल वाजवणारी नेटा म्हणाली. "नाहीतर तुला कोण विचारत होतं?"

ही युक्ती आमच्याकडे जुनीच आहे. इशबेलला बँडमध्ये उभं राहायचं होतं, म्हणून ती तयार झाली.

स्पर्धेत बँड गोल करून उभा राहिला. परीक्षक कान देत बाहेरून फिरले. आमचा तिसरा नंबर आला. चहाच्या वेळी नेटाने परीक्षकांचा शेरा मोठ्याने वाचला: 'आठव्या वादकाची बोटं अत्यंत शुद्ध. एकही सूर चुकला नाही.'

त्यात खोटं काही नव्हतं.

"जन्मभर अश्शीच वाजव बाई!" नेटा म्हणाली. सगळे हसले. इशबेलही हसली. मग बसमध्ये मला मांडीवर घेऊन हळूच म्हणाली, "आपला एक सूर नाही वाजला रे."

पुढच्या गुरुवारी तिने मेजरांपुढे चार बुचं ठेवली.

"आता एकतर वाजवीन, नाहीतर घरी बसेन."

"चाललंय ते बरं चाललंय ना?"

"तुमचं चाललंय. माझं नाही."

मेजरांनी एकेक बूच उचलून न्याहाळलं. "सहा गुरुवार देतो. सहाव्या गुरुवारी मी गोलात डोळे मिटून उभा राहीन. तू वेगळी ऐकू आलीस, तर जागा गेली. मग बुचं मारूनसुद्धा नाही."

मित्रांनो, तेव्हा माझीही अवस्था वाईट होती. उन्हाळाभर माझ्यातून वारं वाहिलं नव्हतं. कातडं सुकलं होतं, शिवणीतून फुसफुस होत होती. इशबेलने माझ्या पोटात कातडं मऊ करून गळती बुजवणारा कोमट चिकट लेप ओतला आणि मला कणकेसारखं मळलं. सांध्यांना मेण लावलेला दोरा गुंडाळला. रोज सकाळी मुलं यायच्या आधी ती रिकाम्या बसमध्ये मला वाजवायची. रस्त्याकडेच्या मेंढ्या कुंपणाशी येऊन ऐकत. त्यांच्यात माझे नातेवाईक असावेत.

सहावा गुरुवार आला. आठ जणांनी चाल धरली. मेजर डोळे मिटून मधोमध उभे. चाल संपली आणि सगळे एकदम थांबले. मीसुद्धा.

मेजर भडकले. "अगं, तू सुरूच का नाही केलंस?"

"मी पहिल्यापासून वाजवतेय, मेजर."

"थापा मारू नकोस! पुन्हा बुचं मारलीस ना?"

त्यांनी पुन्हा चाल धरायला लावली आणि माझ्या नळ्यांच्या तोंडासमोर तळवा धरला. माझं वारं त्यांच्या हाताला लागलं. चाल संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

"मेजर, रडताय की काय?" नेटाने विचारलं.

"मासळीचा वास डोळ्यांत गेला," मेजर म्हणाले. दुकान बंद करून त्यांना आठ वर्षं झाली होती. मग इशबेलकडे न बघता ते म्हणाले, "गुरुवारी साडेसहाला. उशीर झाला तर जागा दुसऱ्याची."

तो दुसरा अजून कुणी नाही. तरी इशबेल सव्वासहालाच येते. वाजवून झालं की माझ्या नळ्या आतून पुसते, दोरे तपासते, आणि मगच चहाला हात लावते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी पेटी, एखादा तबला कोपऱ्यात पडला असेल. त्याला नुसतं पुसून झाकून ठेवू नका. वाजून वाजून झिजण्याचं आम्हाला काही वाटत नाही. गप्प ठेवलं की मात्र आम्ही आतून चिरत जातो. रोज थोडं वाजवा. सुरुवातीला वाईट वाजेल. शेजाऱ्यांनी दार ठोठावलं, तर त्यांना आत बोलवा आणि बसायला खुर्ची द्या.