जमण्यासारखं होतं

रंगाऱ्याच्या पायाचा अंगठा पहिल्यांदा सुजला तेव्हा चादरीचा स्पर्शही त्याला सोसवेना. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "युरिक ॲसिड वाढलंय. बिअर बंद. कलेजी, मटण विसरा. पाणी भरपूर प्या, वजन हळूहळू उतरवा आणि दुखो न दुखो, गोळी रोज घ्या."

बायकोनं सगळं मनावर घेतलं. डबा बदलला, पाण्याची बाटली हातात दिली, रोज त्याला चालायला बाहेर काढलं. तो मात्र दुखणं थांबलं की गोळी विसरायचा आणि काम संपल्यावर दोस्तांबरोबर बसायचा. अंगठा पुन्हा पेटला की विव्हळत म्हणायचा, "या खेपेला शेवटचं. तुझी शपथ."

"माझ्याच जिवावर उठलायस का?" ती शेक-बिक न देता नुसता बर्फ लावायची.

मग तिची आई अत्यवस्थ झाल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून निघायचं ठरलं. संध्याकाळी एका बंगल्याचं काम संपलं म्हणून मालकानं पार्टी दिली. "एवढ्यानं काय होतंय!" म्हणत त्यानं कलेजी खाल्ली, वर बिअर रिचवली. सकाळी त्याला पाय टेकवेना, तर ब्रेक कुठून दाबणार? ती एकटीच बसनं गेली. पोचली तेव्हा आईचा चेहरा झाकलेला होता.

ती भांडली नाही. दिवसकार्य आटोपून आली, कपडे भरले आणि बहिणीकडे राहायला गेली.

तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले. बिअर सुटली, दोस्तही सुटले. गोळी चुकेना. पोट उतरलं, शिडीवर तो पूर्वीसारखा सरसर चढू लागला. वर्षभर अंगठ्यानं त्रास दिला नाही, तेव्हा तो दाढी करून मेहुणीच्या दारात उभा राहिला.

बायकोनं पाणी दिलं. तो उत्साहानं सगळं सांगत सुटला. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे जमण्यासारखं होतं," ती म्हणाली.

"आता तरी घरी चल ना."

"तुला जमत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्यामुळे राग तरी कमी यायचा." तिनं रिकामा पेला उचलला. "तब्येतीला जप."

आतून मेहुणीनं जेवायला हाक मारली. ती हाक फक्त बायकोला होती. तो चपला घालून जिना उतरला. पाय अजिबात दुखत नव्हता.