रिंगणाखालचा वाघ

माझ्यावर वाघ छापलाय म्हणून दचकू नका. मी साधा फ्लेक्स आहे, आणि आज मला बोलल्यावाचून राहवत नाही.

चंद्रपूरच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीला एका रिसॉर्टच्या फाटकावर मला टांगलं. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि खरा वाघ दिसला नाही की माझ्याकडेच रागानं बघायचे. उन्हानं रंग उडाला, तशी माझी रवानगी उकिरड्यावर झाली. तिथून गावातल्या दिव्यानीनं मला उचललं, धुतलं आणि गावामागं जंगलाच्या कडेला अंथरलं. गल्लीत गाणी लावली की लोक खेकसायचे, म्हणून ही जागा.

दिव्यानी ब्रेकिंग नावाचा नाच करते. तिला शिकवणारा प्रफुल सांगतो, "न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या पोरायनं काढला हा नाच. गान्यात नुसता ठेका वाजे, तेवढ्यावर नाचत. खाली पुठ्ठा, भवताली गोल. हानामारी नाई, नाचूनच हरवाचं." आधी उभ्यानं पावलं टाकायची, मग हात टेकून पाय गरगर फिरवायचे आणि शेवटी एकदम गोठून थांबायचं.

हे हात टेकणंच तिच्या आईला, शकुबाईला, सोसत नाही. मोहाची फुलं वेचताना वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. म्हणून वेचणाऱ्यांतलं एक जण कायम ताठ उभं राहतं, जंगलाकडं तोंड करून. गेल्या उन्हाळ्यात शकुबाईची जाऊ मैना एकटीच वेचायला गेली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून लेक नाचते आणि शकुबाई काठी घेऊन तिच्याकडं पाठ करून उभी राहते.

"माय, एक डाव तरी पाह्य ना माह्या डान्स!"

"मी तुह्याकडं पाह्यलं, त तिकडं कोन पाहीन?"

आज चंद्रपूरचा सोनू मुकाबल्याला आलाय. जिंकेल तो नागपूरच्या स्पर्धेला जाणार. सगळे गोल करून उभे, तोंडं आत. सोनू झकास नाचला. मग दिव्यानी खाली उतरली, माझ्यावर भिंगरीसारखी फिरली आणि एका हातावर उलटी थांबली. पोरांनी एकच गिल्ला केला.

शकुबाईला राहवलं नाही. ती वळली. लेकीला बघताना काठी हातातून कधी निसटली, तिला कळलंही नाही. मला इतकं बरं वाटलं!

पण मी जमिनीला चिकटून असतो. नाचणाऱ्याची पावलं ठेक्यावर पडतात. बांबूच्या बेटातून येणारी ही पावलं ठेक्यावर नाहीत. जड आहेत, आणि त्यांना आवाज नाही.

मला ओरडता येत नाही हो. दिव्यानी, ऊठ गं, उभी राहा. शकुबाई, लेक मग पाहाल. मागं बघा, मागं!