शेणावरची अळंबी

धाकट्या सुनंदाचं लग्न झालं ते १९८६ साल. लेक सासरी गेली आणि बदलापूरच्या दोन खोल्यांत रखमाचा आवाजच बंद झाला. भाकरी व्हायची, भांडी घासली जायची, पण बाई शब्द बोलेना. नवरा शिवराम अंबरनाथच्या कारखान्यातून आला की एकटाच बोलायचा. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, बोलणं आलं नाही.

श्रावणात रखमाने सोमवारही सोडले. मग तिच्या वाटचे शिवरामने धरले. अशाच एका सोमवारी, रात्रपाळी म्हणून तो दिवसा घरी होता. रखमाला अळंबी आवडते, म्हणून तबेल्यामागच्या शेणखतावर उगवलेली रुमालात बांधून त्याने आणली. वारुळाची अळंबी खायची, शेणावरची नाही, हे यंत्रापुढे हयात गेलेल्याला कोण सांगणार? त्याचा उपास, म्हणून कालवण एकटी रखमा जेवली.

दुपारी ती हसू लागली. भिंत श्वास घेतेय म्हणाली. मग ओकली, हमसून रडली. दिवेलागणीला ती निवली आणि म्हणाली, "अहो, आपला जनू गेल्यापासून तुम्ही त्याचं नावच घेत नाही."

जनू त्यांचा पहिला मुलगा, तापाने गेलेला.

"घेतो की," शिवराम म्हणाला. "जनू. आपला जनू."

त्या दिवसापासून रखमा बोलू लागली. शेजारच्या बनूबाईने टोमणा मारला, "इतके दिवस तोंडाला कुलूप होतं का गं?"

"होतं. किल्ली तुझ्याकडे दिली असती तर गावभर फिरली असती!"

अळंबीचं ऐकून डॉक्टर मात्र तडकले. "मेल्या असत्या त्या!" मग म्हणाले, "परदेशात अशा औषधांचे प्रयोग झालेत म्हणे, मनाच्या दुखण्यावर. पुढे बंद पडले. किती द्यायचं ते मला ठाऊक नाही. तुम्हाला तर नाहीच नाही."

दिवाळी सरली आणि रखमा पुन्हा मिटत गेली. पुढच्या श्रावणात एवढंच म्हणाली, "ती भाजी आणा ना."

रानभाजी विकणाऱ्या गंगूला त्याने विचारलं. ती म्हणाली, "दादा, आमी शिवत बी नाय. एक हसवती, दुसरी न्हेती. दिसाया दोनी सारख्याच."

तरी तो तबेल्यामागे गेला. अळंबी खुडली, दारापर्यंत आणली. आत रखमा ताट मांडून बसली होती. त्याचा धीर झाला नाही. सगळी गटारात टाकून तो आत गेला.

"मिळाली नाही."

रखमाने त्याच्या बरबटलेल्या बोटांकडे पाहिलं आणि हात धुवायला पाणी दिलं. पुन्हा तिने काही मागितलं नाही, आणि फारसं बोललीही नाही.

रखमा १९९३ च्या माघात काविळीने वारली.