सुनावणीची जागा

बाजार चौकातले पाच कडुनिंब तोडायचे, सगळीकडे काळा ग्रॅनाइट बसवायचा आणि मधोमध रंगीत कारंजं करायचं, असं आमच्या नगरपालिकेनं ठरवलं. खर्च दोन कोटी दहा लाख. जळगावहून तासाभरावरचं आमचं गाव. एप्रिलात पारा चव्वेचाळीसला टेकतो, नळाला पाणी चार दिवसांआड येतं. कारंज्याला पाणी कुठून आणणार, याबद्दल आराखड्यात एक ओळही नव्हती.

त्या निंबांखाली बावीस बायका भाजी विकतात. त्यांनी यापुढे फरशीवर आखलेल्या चौकोनांत, उघड्यावर बसायचं होतं.

मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. चौकाच्या कडेला नमुना म्हणून पंधरा फूट फरशी बसवली, तेव्हा मी आठ दिवस दुपारी एक वाजता तिचं तापमान घेतलं. सरासरी एकसष्ट अंश. निंबाखालच्या मातीचं सदतीस. हे आकडे जोडून हरकत दिली. उत्तर आलं, ‘नोंद घेतली.’ नगरसेवक जितेंद्रभाऊ रस्त्यात भेटले. “मॅडम, आपल्या गावाचंही जरा शहर होऊ द्या की!” म्हणाले आणि गाडी काढून गेले.

खरी अडचण पुढेच होती. बायकांनाच फरशी हवी होती. चाळीस वर्षं वांगी विकणाऱ्या सुंदरबाईंनी माझा अर्ज सही न करता परत दिला. “चिखल तं नही राहाव ना, मॅडम. कशी चकचकीत शे!”

मग त्या बावीस जणींतल्या भिकुबाईंनी एक चूक केली. बिबड्यांचे दिवस होते. फरशीवर धूळ नाही, म्हणून त्यांनी सकाळीच तिथं लुगडं अंथरलं आणि ज्वारीचे पातळ, पापडासारखे बिबडे वाळत घातले. अकरा वाजेपर्यंत सगळ्यांच्या कडा वळल्या, मधून तडे गेले.

“बठ्ठा बिबडा तडकी ग्यात! हाई फरशी नही माय, तवा शे तवा!”

सुंदरबाई आल्या. चप्पल काढून त्यांनी एक पाऊल फरशीवर टेकवलं आणि लगेच उचललं. मग अर्जासाठी माझ्यापुढे हात केला. मी तो नव्यानं लिहिला आणि संध्याकाळपर्यंत बावीसही नावं खाली आली, काही सह्या, काही अंगठे.

या वेळी मी अर्जात आकडे घातले नाहीत. एवढीच मागणी केली, की हरकतींची सुनावणी नमुना फरशीवर, दुपारी एक वाजता व्हावी. मुख्याधिकारी नवे होते. त्यांनी मंजुरीचं पत्र दिलं.

ठरलेल्या दिवशी मी गेले तर टेबल, खुर्च्या, पाण्याचा जार, सगळं निंबाखाली मांडलेलं.

“साहेब, पत्रात जागा नमुना फरशी अशी आहे,” मी मुख्याधिकाऱ्यांना म्हणाले.

“अहो मॅडम, या उन्हात तिथं बसणार कोण?” जितेंद्रभाऊ बोलून गेले.

मग बायका जी हसायला लागल्या! सुंदरबाई फरशीच्या कडेला उभ्या राहून हात करू लागल्या, “भाऊ, आठे बसा ना! आमनी नवी जागा हाईच शे!”

मी इतिवृत्त लिहिणाऱ्या कुंदनकडे वळले. “सुनावणीची जागा बदलली, एवढं लिहाल? आणि का बदलली, तेही.”

कुंदननं साहेबांकडे पाहिलं. साहेब उठले, फरशीपर्यंत चालत गेले, वाकून तळहात टेकवला. हात झटकत परत येऊन बसले.

“लिहा,” ते म्हणाले. “उन्हामुळे नमुना फरशीवर बसणे शक्य नसल्याने सुनावणी कडुनिंबांखाली घेण्यात आली.”

“साहेब, असं कसं लिहिता?” जितेंद्रभाऊ म्हणाले.

“मग तुम्ही बसता का तिथं?”

ते बसले नाहीत. पुढची सुनावणी सात मिनिटांत संपली. माझ्या तापमानांबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी आदेश निघाला. ग्रॅनाइट आणि कारंजं रद्द, पाचही झाडं कायम; त्याऐवजी सावलीत पक्के ओटे आणि चिखल होऊ नये म्हणून गटार. तो आदेश चौकात वाचून दाखवायचं काम जितेंद्रभाऊंकडे आलं. ‘रद्द’ हा शब्द त्यांनी जरा हळूच उच्चारला.

“ऐकू नही उनं, भाऊ! परत वाचा!” भिकुबाई ओरडल्या.

त्यांनी परत वाचलं. बायकांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी तेही हसले, आणि टाळ्या सुरू झाल्या तेव्हा पहिली टाळी मी वाजवली होती.