संताचा श्वास आणि सेवास्तीचा लसूण

"आला, आला! संताचा श्वास आला!"

धक्क्यावर एकच गलका उडाला. समोर कड्याखाली पाणी बुडबुडत होतं आणि म्हाताऱ्या बाया छातीवर क्रूस काढत होत्या. पिढ्यान् पिढ्या समुद्रात बुड्या मारून स्पंज काढणारं बेट हे. खालच्या पाणबुड्याने श्वास सोडला की वर बुडबुडे येतात, हे इथल्या मांजरांनाही ठाऊक. आणि आज त्याच बुडबुड्यांपुढे सगळे माना झुकवून उभे!

सेवास्ती हवा भरायच्या मशीनजवळून हे बघत होती आणि तिचं डोकं तडतडत होतं. धक्क्यावरच्या प्रत्येक पाणबुड्याची टाकी तीच भरायची. वय बावन्न, खोड्या बारा वर्षांच्या पोरीच्या. कप्तानाच्या कॉफीत मीठ टाकणारी, पोलिसाच्या टोपीत जिवंत खेकडा ठेवणारी बाई. एरवी असा तमाशा दिसला असता तर ती खुर्ची टाकून बसली असती. आज हसू फुटत नव्हतं, कारण कड्याखालच्या गुहेकडे जाणाऱ्या दुसऱ्या बोटीसाठी लागलेल्या रांगेत तिचा धाकटा भाऊ थेमेलिस बसला होता.

सकाळी तो खोलातून घाईघाईत वर आला होता. आता कोपर ठणकत होतं, डावा पाय बधिर होत चालला होता. या बेटाला हे दुखणं नवीन नव्हतं. इथे लग्नाच्या नाचातसुद्धा पुढचा गडी पांगळ्या पाणबुड्याची नक्कल करत, काठी टेकवत, पाय लटपटवत नाचतो आणि बघणाऱ्यांच्या घरातलं कुणीतरी तसंच चालत असतं. यावर उपाय एकच, मोठ्या बेटावरच्या इस्पितळातली दाबाची कोठी. तटरक्षकांची बोट ऑक्सिजन घेऊन उभी होती, अर्ध्या तासात सुटणार होती. आणि हा पठ्ठ्या गुहेच्या रांगेत!

रांगेपुढे पांढरा झगा घातलेला पोथितोस हात उंचावून ओरडत होता. वर्षापूर्वी हा दारोदार गालिचे विकायचा. सूर अजून तोच होता.

"वीस मीटर खाली गुहा! गुहेच्या छताशी हवा! पाण्याखाली हवा कुणी ठेवली? संताने! तुळशीचा सुगंध आहे तिला, तुळशीचा! एक श्वास घ्या, वेदना गायब! वर आल्यावर पुन्हा दुखलं, तर समजा मनात शंका होती!"

"वा! दुखणं थांबलं तर संतामुळे, परत आलं तर आमच्यामुळे!" सेवास्ती ओरडली. "गालिचा विटला तरी असंच सांगायचास ना रे, की बाई, तुमची नजर वाईट?"

"गप गं," तिची आई इरिनी म्हणाली. तिच्या मुठीत पोथितोसकडून विकत घेतलेला पत्र्याचा पाय होता, नवसाचा, गुहेत टांगायचा. "त्या लेफ्तेरिस पाणबुड्याच्या कळाही गुहेत गेल्या गेल्या थांबल्या होत्या. चौघांनी बघितलंय."

"आई, बोट सुटेल!"

"ताई, तिकडे सहा-सहा तास कोठीत कोंडतात," थेमेलिस तिची नजर चुकवत म्हणाला. "इथे अर्ध्या तासात होतंय."

"अर्ध्या तासात पाय जाईल, गाढवा!"

"हिचं काय मनावर घेता?" गर्दीतून कुणीतरी बोललं. "ईस्टरला धर्मगुरूंच्या उकडलेल्या अंड्यांत कच्ची मिसळणारी बाई ही!"

सगळे खो खो हसले. मिसळली होतीच तिने. आयुष्यभराच्या खोड्या आज अशा अंगावर आल्या, की तिचं खरंही कुणाला खरं वाटेना.

तेवढ्यात पहिली बोट परतली. पाववाल्याची बायको कालोतिना निथळत वर चढली. "काय सांगू! दिव्य! संतच भेटला!"

"वास कसला होता गं?" सेवास्तीने विचारलं.

"तुळशी... म्हणजे..." कालोतिना घुटमळली.

"देवाला स्मरून सांग."

"लसणाचा," ती पुटपुटली.

"मला वाटलं मलाच आला!" मागचा म्हातारा म्हणाला. "मी म्हटलं, संताने सकाळी काय खाल्लं असेल?"

सेवास्तीने एप्रनच्या खिशातून लसणाचा गड्डा काढून सगळ्यांसमोर नाचवला. "दर शनिवारी हा पोथितोस माझ्याकडून चार टाक्या नेतो आणि रविवारी रिकाम्या आणून देतो. एवढी हवा जाते कुठे, मला काही कळेना. म्हणून काल त्या चारही टाक्यांच्या तोंडाला आतून लसणाचा रस चोळला. हा माणूस खाली जाऊन टाक्या उघडतो, हवा छताशी साठते. तुमचा संत माझ्या मशीनवर जगतोय!"

धक्का हसून हसून लोळायचा बाकी राहिला. पोथितोस मात्र खमका. "हवा कुणाचीही असो! वेदना जातात की नाही, ते बोला!"

हसू थांबलं. "जातात तर," इरिनी म्हणाली.

"जातात," सेवास्ती म्हणाली. "खरंच जातात. आणि तिथेच हा हलकट तुम्हाला मारतो."

तिने मशीनमागच्या आपल्या टपरीतून लिंबूसोड्याची बाटली उचलली. "झाकण घट्ट आहे. दिसतोय बुडबुडा? नाही. आत दाब आहे. हा थेमेलिस, खोल पाण्यात." तिने झाकण फाडकन उघडलं, फेस उसळून हातावर आला. "हा थेमेलिस, घाईत वर आलेला. हाच फेस त्याच्या रक्तात आहे. आता त्याला पुन्हा वीस मीटर खाली नेलं, तर?" तिने झाकण गच्च पिळलं. फेस बसत गेला. "दाबाने बुडबुडे बारीक होतात, दुखणं थांबतं. यात संत कुठे आला? कोठीतही दाबच देतात. पण तिथे झाकण तासन्‌तास, केसाकेसाने सैल करतात. हा अर्ध्या तासात वर आणतो." तिने झाकण पुन्हा फाडकन उघडलं. फेस इरिनीच्या चपलांवर सांडला.

भिंतीला टेकलेल्या चाकाच्या खुर्चीतून आवाज आला. लेफ्तेरिस होता.

"खाली मी हसलो होतो, इरिनीकाकू. देवाशप्पथ, हसलो होतो. त्याच संध्याकाळी कमरेखालचं सगळं गेलं. हा म्हणाला, तुझी श्रद्धा कमी पडली. दोन महिने मी माझी श्रद्धा तपासत बसलोय!"

इरिनीने त्याच्या पायांकडे बघितलं. मग मुलाच्या काखेत हात घालून गरजली, "ऊठ! बोटीत चल!"

पोथितोस झगा आवरत मागच्या मागे सटकत होता. खेकड्याच्या टोपीवाल्या पोलिसाने त्याचं मनगट धरलं. "थांबा महाराज. श्वास घ्या. मोठा घ्या."

थेमेलिस तीन आठवड्यांनी परतला. डावा पाय किंचित ओढत होता, पण चालत होता. इरिनीने आनंदाच्या भरात तो पत्र्याचा पाय आणला आणि सेवास्तीच्या मशीनवर टांगून कपाळ टेकवायला वाकली.

"काढ ते!" सेवास्ती कडाडली. "आता माझ्याच टपरीत नवा संत बसवतेस? चर्चमध्ये जा, हवी तेवढी प्रार्थना कर, मी अडवणार नाही. पण आई, यंत्राच्या पाया पडायचं नसतं. त्याचा दाबाचा काटा वाचायचा असतो. इकडे ये, शिकवते."

इरिनीने चष्मा चढवला आणि काट्यावरचा आकडा वाचायला वाकली.