पेन्सिलीच्या चिठ्ठ्या

तेलीबागच्या घरात बाबांच्या खोलीला अजून स्पिरिटचा वास होता. ते जाऊन सात महिने झाले होते, तरी स्वरदा आत शिरताना आधी दारावर टकटक करायची.

टेबलावर पाच बाटल्या. प्रत्येकीत एकेक बिनशंखाची समुद्री गोगलगाय. बाबा नोकरीपायी लखनौला आले ते इथलेच झाले, पण दर सुट्टीत रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला या शोधत फिरायचे. जिवंतपणी भडक रंगाच्या; स्पिरिटमध्ये थोड्याच दिवसांत सगळ्या पांढऱ्याफटक. म्हणून ते सापडताक्षणी रंग वहीत लिहीत आणि नंबराची चिठ्ठी बाटलीच्या आत सोडत.

चिठ्ठ्या आता नव्हत्या. चैत्रात आईने, ते दरवर्षी करायचे तसं, स्पिरिट बदललं होतं आणि तळाचे मळके कागद कचरा समजून काढून टाकले होते. हे स्वरदाच्या कालच लक्षात आलं. आईला तिने सांगितलं नव्हतं. बाबांच्या मागे आईने त्यांचं एवढं एकच काम केलं होतं.

विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहासाठी तिथला सतीश उद्या बाटल्या न्यायला येणार होता. फोनवर त्याने नम्रपणेच सांगितलं, "दीदी, जिसकी पहचान नहीं, वो हम रख नहीं पाएँगे."

वहीवरून तिने तीन ओळखल्या. एकीच्या पाठीवर मागे फुलासारखे कल्ले, एकीच्या कडांना झालर, एक नुसती चामखिळींनी भरलेली. उरल्या दोन. दोघींच्या पाठीवर बोटांसारखे झुबके, लांबीही सारखीच. वहीत एक नारिंगी, दुसरी जांभळी. जांभळीपुढे बाबांचं बारीक अक्षर होतं: 'डंख करणारे जीव खाते. त्यांचे डंख पचवत नाही, झुबक्यांच्या शेंड्यांत साठवते. माशाने तोंडात घेतली आणि थुंकली. रंग आधीच सांगत असतो, पण नवा मासा ऐकत नाही.'

मागे बाबांची खुर्ची करकरली. कूलरचा वारा असेल. तिने वळून पाहिलं नाही.

आई चहा घेऊन आली. उघड्या वहीवर नजर टाकून एका बाटलीवर बोट ठेवत म्हणाली, "जांभळी ती ही."

"तुला गं कसं ठाऊक?"

"जॅमची बाटली आहे ना. लग्नानंतरची पहिली सुट्टी. दुसरं काही जवळ नव्हतं, म्हणून खडकावर बसून सगळा जॅम मी बोटाने चाटून संपवला. हे आपले मागे लागलेले, लवकर खा, हिचा रंग जाईल."

आई हसली. मग बाटली उचलून तिने तळाशी निरखून पाहिलं.

"आत चिठ्ठी असायची ना?"

"पुसली गेली असेल, आई. शाई टिकत नाही स्पिरिटमध्ये."

आईने बाटली परत टेबलावर ठेवली.

"ते पेन्सिलीने लिहायचे," ती म्हणाली.

तिने बाबांच्या डब्यातली पेन्सिल काढली, टोक बोटावर टेकवून पाहिलं. खुर्चीत मात्र बसली नाही. उभ्यानेच तिने कागदाची एक पट्टी फाडली.

"वहीत बघून नंबर सांग."